एम.एस्सी. निवडताना प्रयोगशाळेचे दार उघडून पाहा

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई इथल्या घराघरांत एकच प्रश्न येतो : आता पुढे काय? विज्ञान सोडायचे नाही असे ज्यांनी ठरवले आहे, त्यांच्यासमोर विषयांची लांब यादी असते. सेंद्रिय रसायनशास्त्र, विश्लेषणात्मक रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, रेणवीय जीवशास्त्र, बायोइन्फर्मेटिक्स. नावे वेगवेगळी असली तरी या सगळ्या विषयांचा पाया एकच आहे : पदार्थ आणि सजीव यांचे वागणे रेणूंच्या पातळीवर समजून घेणे. तरीही प्रवेश घेताना विद्यार्थी आणि पालक नावातच अडकतात. कोणत्या नावाला ‘स्कोप’ आहे, कोणते नाव नवे वाटते, शेजारच्या मुलाने काय घेतले, यावर दोन वर्षांचा निर्णय होतो. माझे म्हणणे असे आहे की रेणुविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेताना पदवीच्या नावाला दुय्यम स्थान द्यावे आणि एक गोष्ट आधी तपासावी : त्या विभागात दोन वर्षांत विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हातून किती आणि कोणते प्रयोग होतात? बाकीची निवड त्यावरून करावी.

हे असे का, ते आपल्याच जिल्ह्यातल्या पिकावरून पाहू. कपाशी हे बीडचे मोठे पीक. २००२ मध्ये बीटी कपाशीला देशात परवानगी मिळाली. त्या वाणात क्राय१एसी हे जिवाणूचे प्रथिन तयार करणारे जनुक घातलेले होते. २००६ मध्ये क्राय२एबी हे दुसरे प्रथिनही असलेला वाण आला. हे तंत्रज्ञान मोन्सॅन्टोबरोबर देशात आणणारी महिको ही कंपनी जालन्याची, म्हणजे आपल्या शेजारची. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये ती सुरू केली होती. पुढे गुलाबी बोंडअळीने आधी पहिल्या आणि मग दुसऱ्या प्रथिनाला दाद देणे बंद केले. २०१७ च्या खरिपात मराठवाडा आणि विदर्भात बोंडेच्या बोंडे किडली. बाजारात, बांधावर, कृषी कार्यालयात तेव्हा चर्चा झाली ती बियाणे बोगस होते का याची. रेणूंच्या पातळीवरचे उत्तर मात्र वेगळे होते. अळीच्या आतड्याच्या पेशींवर कॅडेरिन नावाचे प्रथिन असते आणि क्राय१एसी त्याला जाऊन चिकटते तेव्हाच अळी मरते. भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या प्रतिकारक अळ्यांमध्ये या कॅडेरिनच्या जनुकाचे संदेश भलत्याच ठिकाणी कापले-जोडले जात असल्याचे संशोधकांना आढळले. चिकटण्याची जागाच बिघडली, मग विष असूनही उपयोग नाही. हे शोधायला आतड्यातून आरएनए काढता यावा लागतो, त्याची प्रत करता यावी लागते, अक्षरक्रम वाचता यावा लागतो, प्रथिनाचे रसायन कळावे लागते आणि नमुना किती अळ्यांचा घ्यायचा याचे संख्याशास्त्रही लागते. यातले कोणते काम जैवतंत्रज्ञानाचे, कोणते जीवरसायनशास्त्राचे आणि कोणते कीटकशास्त्राचे हे सांगता येणार नाही. प्रश्नाला विषयांच्या कुंपणाची पर्वा नसते. तो सोडवणाऱ्याला हाताने काम करता येते की नाही, एवढेच शेवटी मोजले जाते.

हाताने काम करणे म्हणजे नेमके काय, हे त्याच कपाशीच्या पानावरून दाखवता येईल. पानातून डीएनए काढण्याची सीटॅब पद्धत प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. पान खलात घोटायचे, ६५ अंश सेल्सिअसच्या द्रावणात ठेवायचे, क्लोरोफॉर्म घालून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे, वरचा थर अलगद काढून घ्यायचा, त्यात आयसोप्रोपॅनॉल घालायचे, की पांढरे धागे दिसू लागतात. परीक्षेत हे उत्तर लिहून पूर्ण गुण मिळतात. कपाशीच्या बाबतीत मात्र धागे अनेकदा पांढरे न येता तपकिरी येतात, कारण तिच्या पानात टॅनिनसारखी पॉलिफिनॉल भरपूर असतात आणि पान घोटताच ती हवेतल्या ऑक्सिजनने बदलून डीएनएला चिकटतात. असा तपकिरी डीएनए पीसीआरमध्ये घातला तर टॅक पॉलिमरेज हे विकर काम करत नाही आणि जेलवर पट्टीच दिसत नाही. ज्याने हा प्रयोग फक्त लांबून पाहिला आहे, तो यंत्र बिघडले म्हणून मोकळा होतो. ज्याने चार वेळा स्वतः केला आहे, त्याला कळते की पान कोवळे घ्यायला हवे होते, द्रावणात पीव्हीपी आणि मरकॅप्टोइथेनॉल वाढवायला हवे होते, किंवा निदान डीएनए दहापट पातळ करून पुन्हा पाहायला हवे होते. २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या शोषणाचे गुणोत्तर १.८ च्या आसपास असावे हे वाक्य दोघांनाही पाठ असते. ते गुणोत्तर १.४ आले तर पुढे काय करायचे, हे दुसऱ्यालाच ठाऊक असते. एम.एस्सी.ची दोन वर्षे खरे तर हा दुसरा विद्यार्थी घडवण्यासाठी असतात आणि तो व्याख्यानांच्या टिपणांतून घडत नाही.

म्हणून प्रवेश घेण्याआधी त्या विभागात एकदा जाऊन यावे. माहितीपत्रकात यंत्रांची यादी सगळीकडे छापलेली असते. ती यादी हातात घेऊन प्रत्येक यंत्र शेवटचे कधी चालले ते विचारावे. यंत्राशेजारी नोंदवही असते. शेवटची नोंद मागच्या आठवड्यातली आहे की तीन वर्षांपूर्वीची, हे त्यात दिसते. वीज गेल्यावर उणे ८० अंशांचा फ्रीजर कशावर चालतो, हाही साधा वाटणारा पण कळीचा प्रश्न आहे, कारण मराठवाड्यात वीज जाते आणि विकरे, पेशी, आरएनएचे नमुने एका रात्रीत वाया जाऊ शकतात. एका मायक्रोपिपेटवर किती विद्यार्थी, प्रात्यक्षिकाच्या तुकडीत किती जण, पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावर किती, हे विचारायला संकोच करू नये. प्राध्यापकांपेक्षाही दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोलावे आणि त्यांना एकच गोष्ट विचारावी : या सत्रात कोणते यंत्र तुम्ही स्वतः सुरू केले? उत्तर चटकन आले तर विभाग जिवंत आहे. नंतर ग्रंथालयात जाऊन मागच्या तीन वर्षांचे प्रकल्प-अहवाल चाळावेत. अहवालात विद्यार्थ्याने स्वतः काढलेल्या जेलची छायाचित्रे, आलेख, फसलेल्या प्रयत्नांच्या नोंदी असतील तर काम झाले आहे. नुसती जुनी माहिती एकत्र करून बांधणी केलेली असेल, तर तुमच्याही वाट्याला तेच येणार. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून राज्यातल्या विद्यापीठांच्या एम.एस्सी.मध्ये दुसऱ्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंग आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प यांना स्वतंत्र श्रेयांक आहेत. हे श्रेयांक विभाग कसे पार पाडतो, प्रशिक्षणासाठी मुलांना कुठे पाठवतो आणि तिथे त्यांच्याकडून काय करून घेतले जाते, यावरून बरेच कळते.

यावर पहिला आक्षेप येतो तो बीडच्या विद्यार्थ्याचाच. आमच्या महाविद्यालयात बी.एस्सी.लाच पुरती साधने नव्हती, सात जणांत एक ब्युरेट होती, मग आमच्या हाताला सवय कुठून असणार आणि चांगला विभाग आम्हाला घेणार कशाला? आक्षेप रास्त आहे आणि तो नुसत्या धीराच्या शब्दांनी सुटत नाही. पण चांगल्या विभागाला प्रवेशाच्या वेळी पीसीआर येणारा विद्यार्थी लागत नाही. त्याला मोलॅरिटीचे गणित न चुकणारा, बफर म्हणजे काय ते समजलेला, टायट्रेशनची पाठोपाठची तीन वाचने जुळेपर्यंत न थांबणारा विद्यार्थी लागतो. एवढे आपल्या कोणत्याही महाविद्यालयात शिकता येते, फक्त प्रात्यक्षिकाची वही मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवायची नाही असे ठरवावे लागते. संगणकावरचे काम तर बीडमध्ये बसूनही होते. अमेरिकेतील एनसीबीआय या संस्थेचा जीनबँक हा जनुकक्रमांचा साठा आणि त्यात जुळणी शोधणारे ब्लास्ट हे साधन सर्वांसाठी विनामूल्य आहे. गुलाबी बोंडअळीच्या सीओआय जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा तिथून घेऊन तो इतर पतंगांशी ताडून पाहायला कुणाची परवानगी लागत नाही. एनपीटीईएल आणि ‘स्वयम्’ या संकेतस्थळांवर आयआयटींतल्या प्राध्यापकांची व्याख्याने मोफत आहेत. आणि खरी प्रयोगशाळा पाहायची असेल तर देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. अर्ज साधारण दिवाळीच्या सुमारास मागवले जातात. निवड झाल्यास दोन महिने एखाद्या नामवंत संस्थेतल्या शास्त्रज्ञाकडे काम करता येते, विद्यावेतन आणि प्रवासखर्च मिळतो. आपल्याकडची मुले या शिष्यवृत्तीला अर्जच करत नाहीत कारण ती त्यांना कुणी सांगितलेली नसते. हे सांगणे महाविद्यालयातल्या शिक्षकांचे काम आहे. ते होत नसेल तर विद्यार्थ्यांनी ते स्वतःहून शोधावे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते. जीवशास्त्राकडे वळलेली बरीच मुले बारावीनंतर, काही तर दहावीनंतरच, गणिताशी संबंध तोडतात. रसायनशास्त्र हा त्यांना पाठांतराचा विषय वाटतो. रेणुविज्ञानात ही उणीव महागात पडते, आणि याचा पुरावा प्रवेश परीक्षाच देतात. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने चालणाऱ्या एम.एस्सी. अभ्यासक्रमांसाठी गॅट-बी ही परीक्षा असते. तिच्या पहिल्या भागातले ६० प्रश्न बारावीच्या पातळीवरच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्राचे असतात आणि ते सगळे सोडवायचे असतात. आयआयटींच्या जॅम परीक्षेतल्या जैवतंत्रज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेतही बारावीचे गणित आणि भौतिकशास्त्र आहे. पुढे संशोधन शिष्यवृत्तीसाठी द्याव्या लागणाऱ्या सीएसआयआर नेट परीक्षेच्या जीवविज्ञान अभ्यासक्रमाचा पहिला घटकच रेणू आणि त्यांच्यातल्या परस्परक्रिया हा आहे, म्हणजे रासायनिक बंध, ऊष्मागतिकी, पीएच, बफर. शेवटचा, तेरावा घटक प्रयोगपद्धतींचा. त्या परीक्षेच्या ‘क’ भागात एखाद्या प्रयोगाचे निकाल देऊन त्यावरून निष्कर्ष विचारले जातात, तिथे पाठांतर कामाला येत नाही. परीक्षा काढणाऱ्यांनाही कोणता विद्यार्थी हवा आहे, ते यातून स्पष्ट होते. म्हणून जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासून आठवड्यातले काही तास लॉगॅरिदम, घातांक, संभाव्यता आणि साधे कलन यांना द्यावेत. जीवशास्त्र आवडत असून रसायनशास्त्रात पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यांनी तर खंत करूच नये. रसायनशास्त्राकडून रेणवीय जीवशास्त्राकडे येणे हे उलट दिशेपेक्षा सोपे आहे, आणि जीवविज्ञानातल्या अनेक संशोधन कार्यक्रमांचे दरवाजे त्यांना उघडे असतात.

आता संस्थांकडे वळू. बीडची महाविद्यालये छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. १९५८ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ आपले घरचे आहे आणि घरचे म्हणून त्याला कमी लेखण्याची चूक अनेक जण करतात. याच परिसरात पॉल हेबर्ट डीएनए बारकोडिंग व जैवविविधता अभ्यास केंद्र आहे. कॅनडाच्या ज्या शास्त्रज्ञाने २००३ मध्ये एका लहान जनुकखंडावरून प्राणी ओळखण्याची कल्पना मांडली, त्याच्याच नावाचे हे केंद्र आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात जीवविज्ञान आणि रासायनिक विज्ञान यांची स्वतंत्र संकुले आहेत. शेतीच्या वाटेने येणाऱ्यांसाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे लातूरला कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे जैवतंत्रज्ञान आणि बायोइन्फर्मेटिक्सचे विभाग, १९५० पासूनची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आणि २००६ मध्ये सुरू झालेली आयसर ही संस्था आहे. मुंबईत आयआयटी आणि १९३३ ची परंपरा असलेली रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. तिचे मराठवाडा केंद्र जालन्यात आहे, मात्र तिथला मुख्य भर रासायनिक अभियांत्रिकीवर आहे. आपल्याकडून फार कुणाचे लक्ष जात नाही ते हैदराबादकडे. तिथे हैदराबाद विद्यापीठाचे जीवविज्ञान संकुल, पेशी व रेणवीय जीवशास्त्राची सीसीएमबी आणि रासायनिक तंत्रज्ञानाची आयआयसीटी या संशोधन संस्था आहेत. परळीहून विकाराबादमार्गे तिकडे थेट रेल्वे जाते. अंबाजोगाई-परळी भागातल्या विद्यार्थ्याला तर मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ पडते. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता आणि शिक्षणासाठी हैदराबाद ही आपल्या आजोबा-पणजोबांची नेहमीची वाट होती. ती पुन्हा चालायला हरकत नाही.

या संस्थांत पोचण्याच्या परीक्षा मोजक्या आहेत. आयआयटींच्या एम.एस्सी.साठी आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या इंटिग्रेटेड पीएच.डी.साठी जॅम, केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी-पीजी, जैवतंत्रज्ञान विभागाच्या अभ्यासक्रमांसाठी गॅट-बी. जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरले जातात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. म्हणजे बी.एस्सी.चे शेवटचे वर्ष चालू असतानाच हे सगळे करायचे असते. निकाल हातात आल्यावर जुलैत चौकशीला निघालेल्या विद्यार्थ्यासाठी देशातले बहुतेक दरवाजे त्या वर्षापुरते बंद झालेले असतात. आपल्या भागातली हुशार मुले मागे पडतात ती अनेकदा याच एका कारणाने.

पैशांचा आक्षेप सर्वांत जड आहे. ज्या घरातली माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या घराला पुण्यातली खोली आणि मेस परवडत नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. पण रेणुविज्ञानाचा हिशेब अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांपेक्षा वेगळा आहे, तो कागदावर मांडून पाहा. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, म्हणजे जेआरएफ, महिना ३७,००० रुपये आहे. दोन वर्षांनी ती ४२,००० होते आणि आणखी तीन वर्षे मिळू शकते. पाच वर्षांची बेरीज २४ लाख रुपये होते, आणि घरभाडे भत्ता त्याहून वेगळा. म्हणजे एम.एस्सी.ची दोन वर्षे निभावली आणि जेआरएफ मिळाली, तर पुढचे शिक्षण घराकडून पैसे मागत नाही, उलट घराला हातभार लावू शकते. इंटिग्रेटेड पीएच.डी.मध्ये तर पदवीनंतर लगेच विद्यावेतन सुरू होते. गॅट-बीतून प्रवेश मिळालेल्या एम.एस्सी. विद्यार्थ्यांनाही जैवतंत्रज्ञान विभागाकडून महिन्याला विद्यावेतन मिळते. ज्यांना जेआरएफ मिळत नाही पण पीएच.डी.ला प्रवेश मिळतो, त्यांच्यासाठी राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. या रकमा अनेकदा उशिरा मिळतात हेही खरे आहे. विद्यार्थ्यांना त्यासाठी आंदोलने करावी लागली आहेत आणि ती योग्य होती. म्हणून पहिल्या काही महिन्यांची तजवीज आधी करून ठेवावी. पण उशीर होतो म्हणून वाटच सोडणे हा तोट्याचा सौदा आहे. एम.एस्सी.च्या दोन वर्षांसाठी मात्र मी सरळ सांगेन : पुण्यातल्या यथातथा खासगी विभागासाठी कर्ज काढू नका. त्यापेक्षा संभाजीनगर किंवा नांदेडच्या विद्यापीठातला असा विभाग निवडा जिथे हात चालतो, आणि वसतिगृहासाठी पहिल्याच दिवशी अर्ज करा.

नोकरीचा आक्षेप घेणारेही चुकीचे बोलत नाहीत. एम.एस्सी. करून काय, शेवटी बी.एड. नाही तर स्पर्धा परीक्षाच ना, असे गावात म्हणतात, कारण त्यांनी तसे होताना पाहिलेले असते. कायम प्राध्यापकांची भरती वर्षानुवर्षे रखडते आणि तासिका तत्त्वावरच्या कामाचे मानधन घर चालवण्याइतके नसते. संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत वोक्हार्ट, ल्युपिनसारख्या औषध कंपन्यांचे कारखाने आहेत. तिथे आणि इतरत्र रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला गुणवत्ता तपासणीत काम मिळते, पण सुरुवातीचा पगार बेताचा आणि पाळ्या रात्रीच्या. हे लपवून कुणाला विज्ञानात ओढण्यात अर्थ नाही. मात्र या आक्षेपातच माझ्या मुद्द्याला बळ मिळते. त्याच कंपनीत एचपीएलसीचा आलेख विचित्र आला की कॉलम बदलायचा, मोबाइल फेजचा पीएच तपासायचा की नमुनाच पुन्हा तयार करायचा, हे ज्याला न विचारता कळते, तो गुणवत्ता तपासणीत फार काळ अडकून राहत नाही. तो पद्धत-विकासाकडे, संशोधनाकडे सरकतो. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा आरटी-पीसीआर करू शकणारी माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत शोधावी लागली. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातही या चाचण्या झाल्या. त्या वेळी कुणाच्या गुणपत्रिकेवर पदवीचे कोणते नाव आहे, याने काही अडले नाही. पिपेट कुणाच्या हातात स्थिर राहते, हे महत्त्वाचे ठरले. आणखी एक व्यावहारिक गोष्ट : जेआरएफला वयाची अट आहे. स्पर्धा परीक्षेत पाच-सहा वर्षे घालवून मग संशोधनाकडे येईन, असा बेत करणाऱ्यांनी ती अट आधी वाचून घ्यावी.

मुलींच्या बाबतीत आक्षेप वेगळ्या शब्दांत येतो : इतके शिकून काय करायचे, लग्नाचे वय निघून जाईल. बालविवाहाचा प्रश्न अजून न सुटलेल्या आपल्या जिल्ह्यात हा आक्षेप हलका नाही. त्याला उत्तर म्हणून एक नाव घ्यावेसे वाटते, कमला सोहोनी. माहेरच्या भागवत. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, म्हणून त्यांना वर्षभराच्या अटीवर घेतले गेले. त्यांनी आपल्या प्रयोगांनी ती अट निकालात काढली आणि नंतर त्या संस्थेत इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. पुढे केंब्रिजमध्ये त्यांनी वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते हे दाखवून १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. परत आल्यावर त्यांनी काम केले ते नीरा आणि गरिबांच्या रोजच्या आहारातल्या पदार्थांवर, आणि अखेर मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालक झाल्या. विद्यावेतन मिळवणारी, वसतिगृहात राहणारी, स्वतःचा खर्च भागवणारी मुलगी घरावर भार नसते. हे पालकांना वादविवादाने पटत नाही, आकडे दाखवून पटते. म्हणून वरचा २४ लाखांचा हिशेब मुलींनी घरी आधी मांडावा.

इंग्रजीची भीती त्यामानाने लवकर जाते. विज्ञानाची इंग्रजी मर्यादित शब्दांची असते. पदवीला शिकलेले अर्धेअधिक शब्द तेच असतात. आठवड्याला एक शोधनिबंध घ्यावा, आधी त्यातल्या आकृत्या पाहाव्यात, मग आकृतीखालचा मजकूर, मग निष्कर्ष. पहिल्या निबंधाला चार दिवस लागतील, सहा महिन्यांनी एक संध्याकाळ पुरेल. अर्थ मराठीत स्वतःला समजावून सांगता आला तर विषय समजला असे खुशाल धरावे.

राहता राहिली कागदपत्रे, आणि इथे आपल्या जिल्ह्यातल्या मुलांचे दरवर्षी विनाकारण नुकसान होते. जॅम, गॅट-बी, सीयूईटी, नेट या केंद्राच्या परीक्षा आहेत. तिथे राज्याचे प्रवर्ग चालत नाहीत. वंजारी समाज राज्यात भटक्या जमाती ‘ड’ मध्ये आणि बंजारा समाज विमुक्त जातींत येतो, पण केंद्राच्या यादीत दोघेही इतर मागासवर्गीय आहेत. त्यांना ओबीसी नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात वेगळे काढावे लागते. मराठा विद्यार्थ्यांचे राज्यातले एसईबीसी प्रमाणपत्र या परीक्षांत उपयोगी पडत नाही. उत्पन्न आणि जमिनीच्या अटींत बसत असल्यास त्यांना केंद्राच्या नमुन्यातले ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र घेता येते, आणि कुणबी नोंद असलेल्यांना केंद्राचे ओबीसी. ही प्रमाणपत्रे त्या त्या आर्थिक वर्षातली लागतात. तहसील आणि सेतू केंद्रांवर जून-जुलैत दहावी-बारावीच्या प्रवेशांची झुंबड असते, त्यामुळे ऑगस्टमध्ये अर्ज देऊन सप्टेंबरपूर्वी कागद हातात ठेवावेत. नावाचे स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच आहे ना, हे तिथल्या तिथे पाहून घ्यावे. एका अक्षराच्या फरकाने मुलाखतीच्या दिवशी परत पाठवले गेलेले विद्यार्थी आहेत.